मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

मुलांनो, खेळाच्या तासाला तुमच्या शाळेच्या मैदानावर काय दिसते, ते जरा आठवून पाहा. गुरुजी फुटबॉल मैदानात टाकतात, शिट्टी वाजते आणि चाळीस मुले एकाच चेंडूमागे धावत सुटतात. चेंडू डावीकडे गेला की सारा घोळका डावीकडे. चेंडू उजवीकडे गेला की सारा घोळका उजवीकडे. ज्याच्या पायात चेंडू सापडतो तो कोणालाही देत नाही. चार धट्टीकट्टी मुले खेळतात आणि बाकीची नुसती धावतात. तास संपतो तेव्हा कितीतरी मुलांच्या पायाला चेंडू एकदाही लागलेला नसतो.

याला आपण फुटबॉल म्हणतो. पण हा सांघिक खेळ झाला का? अकरा जण एका रंगाचे कपडे घालून उभे राहिले म्हणजे संघ होत नाही. संघ शिकवावा लागतो. गणित जसे पायरीपायरीने शिकवतात, तसाच तोही शिकवावा लागतो. ही गोष्ट ज्यांनी आपल्या देशात फार लवकर ओळखली, त्या एका शाळामास्तरांची ही हकीकत आहे. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारा फुटबॉलजगत त्यांना रहीमसाहेब म्हणत असे.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते. आजच्या महाराष्ट्रातील मराठवाडाही त्याच संस्थानात होता. तुमच्यापैकी जे मराठवाड्यात राहतात, त्यांच्या पणजोबांचे आणि रहीमसाहेबांचे संस्थान एकच होते, असे समजा. त्यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. हे विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. विज्ञान असो की इतिहास, वर्गात उर्दूच चाले. तुम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकता, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

विद्यापीठात असताना रहीमसाहेब फुटबॉल खेळत. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण त्यांचे नाव राहिले ते दुसऱ्याच कामामुळे. पदवी घेतल्यावर ते शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ शाळा, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या हैदराबादच्या शाळांमध्ये त्यांनी नोकरी केली. मधल्या काळात त्यांनी शारीरिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. मग शेवटच्या दोन शाळांत खेळांची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली.

येथे एका शब्दाविषयी सांगायला हवे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे व्यायामशाळा, किंवा एखाद्या गोष्टीचा सराव. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याने दोन घरे केली आहेत. रहीमसाहेब जे देत होते ते दोन्ही अर्थांनी तालीमच होते.

त्या काळी शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाकडे लोक कसे पाहत? मुलांना रांगेत उभे करायचे, हातवारे करून घ्यायचे, गोंगाट करणाऱ्याला दटावायचे, एवढेच त्यांचे काम, असा समज होता. खरे तर अजूनही पुष्कळ ठिकाणी तसाच समज आहे. खेळ हा शिकवण्याचा विषय आहे, त्यालाही धडे असतात, असे फार थोड्यांना वाटे. रहीमसाहेबांनी मात्र फुटबॉलकडे विषय म्हणूनच पाहिले.

चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. त्या जागेवर ते अखेरपर्यंत राहिले. आता त्यांच्या हाती एका शाळेऐवजी शहराभरची मुले आली. त्यांनी मुलांसाठी काही वेगळ्याच स्पर्धा सुरू केल्या. या स्पर्धांची माहिती वाचली की आजही आश्चर्य वाटते, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

पहिली स्पर्धा होती चकवाचकवी न करता खेळण्याची. फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी ठेवून, समोरच्याला हुलकावणी देऊन पुढे जाण्याला ड्रिब्लिंग म्हणतात. मुलांना हे फार आवडते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते त्यालाच. पण या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी होती. चेंडू आला की तो घोळवत बसायचे नाही, लगेच आपल्या गड्याकडे द्यायचा.

या एका नियमाने काय होते, ते पाहा. चेंडू लगेच द्यायचा म्हणजे तो येण्याआधीच मान वर करून पाहावे लागते. आपला गडी कोठे आहे? तो मोकळा आहे का? त्याच्या आणि माझ्या मध्ये कोणी उभा आहे का? आणि ज्याच्याकडे चेंडू नाही, त्यालाही उभे राहून चालत नाही. चेंडू मिळावा असे वाटत असेल तर मोकळ्या जागेत धावले पाहिजे. म्हणजे ज्या मुलांच्या पायाला तासभर चेंडू लागत नाही, त्यांनाही काम मिळाले. घोळका आपोआप फुटला. मास्तरांनी मैदानात उभे राहून कितीही ओरडून सांगितले असते, एकमेकांना चेंडू द्या, पसरून खेळा, तर मुलांनी ऐकले असते का? मला शंका आहे. पण नियमच असा केला की मुले न सांगता पसरली.

दुसरी स्पर्धा होती कच्च्या पायाची. आपल्यापैकी बहुतेकांचा एक पाय पक्का असतो आणि दुसरा कच्चा. उजव्या पायाने आपण जोरात आणि नेमका चेंडू मारतो, डाव्या पायाने मारायला गेलो तर चेंडू भलतीकडे जातो. शंका असेल तर आज संध्याकाळी करून पाहा. भिंतीवर खडूने एक चौकोन काढा आणि दहा पावलांवरून दोन्ही पायांनी दहा दहा वेळा चेंडू मारा. कोणत्या पायाने किती वेळा चौकोनात गेला, ते मोजा. आता विचार करा. समोरच्या खेळाडूला जर कळले की हा फक्त उजव्या पायाने मारतो, तर तो तुमची उजवी बाजू अडवून उभा राहील. झाले, तुमचा खेळ संपला. म्हणून या स्पर्धेत चेंडू मारायचा तो कच्च्या पायानेच. चांगले खेळणारी मुलेही त्या दिवशी अडखळत, चुकत खेळत. पण सगळेच चुकत असल्यामुळे कोणाला लाज वाटण्याचे कारण नव्हते. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

तिसरी युक्ती उंचीची होती. सातवी-आठवीच्या वर्गात एखादा मुलगा ताडासारखा वाढलेला असतो आणि त्याच्या शेजारी बसणारा त्याच्या खांद्यालाही लागत नाही. दोघांचे वय एकच. पण मैदानावर उंच मुलगा नुसत्या धक्क्याने जिंकतो, त्याला कसब शिकण्याची गरजच पडत नाही. लहान मुलगा दोनदा पडतो आणि तिसऱ्यांदा मैदानाकडे फिरकत नाही. रहीमसाहेबांनी ठरावीक उंचीच्या आतल्या मुलांच्या वेगळ्या स्पर्धा भरवल्या. जी मुले चपळ आणि हुशार होती पण अंगाने लहान होती, ती या स्पर्धांमुळे खेळात टिकली.

बी.एड.च्या वर्गात आम्हां शिक्षकांना एक सूत्र शिकवतात. सोप्याकडून कठिणाकडे जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. ते सूत्र आम्ही परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. रहीमसाहेबांनी ते धुळीच्या मैदानावर उतरवले होते. पास देणे हा एक धडा, कच्चा पाय हा दुसरा धडा. सारे धडे झाले की मग पूर्ण खेळ.

अशा मुलांतून हैदराबादचे खेळाडू तयार झाले. १९५० साली रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलिस या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या काळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही मोठी स्पर्धा होत असे. देशातले नामांकित संघ तेथे येत. हैदराबादच्या पोलिसांनी ही स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. मुंबईकरांनी हा खेळ डोळ्यांनी पाहिला. चेंडू जमिनीवरून सरपटत एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाई आणि कोणीही तो फार वेळ स्वतःकडे ठेवत नसे. तुम्हांला त्या ड्रिब्लिंगबंदीच्या स्पर्धेची आठवण झाली असेल, तर ती बरोबरच आहे.

लवकरच देशाचा संघही त्यांच्या हाती आला. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. शैलेन मन्ना हे भारताचे कप्तान होते. अंतिम सामन्यात भारताने इराणला १–० असे हरवले. तो एकमेव गोल मेवालाल यांनी केला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला फुटबॉलमधले आशियाई सुवर्णपदक मिळाले.

पण पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला. १९५२ च्या ऑलिंपिक स्पर्धा फिनलंड देशातील हेलसिंकी येथे होत्या. भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. आपल्या संघातील कित्येक खेळाडू अनवाणी खेळत. आपल्याकडच्या कोरड्या, उबदार मैदानावर अनवाणी पायाला चेंडू छान समजतो. तेथे मात्र थंडी होती, मैदान वेगळे होते आणि समोरचे खेळाडू धिप्पाड होते, पायात बूट घातलेले होते. भारत १०–१ असा हरला.

दहा गोल! असा पराभव झाला की लोक नशिबाला दोष देतात, पंचाला दोष देतात, हवेला दोष देतात. पराभवातून कामाची गोष्ट निघाली ती अशी, की यापुढे बुटांशिवाय खेळून चालणार नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. आज तुम्हांला हे साधे वाटेल. पण ज्या मुलाने आयुष्यभर उघड्या पायाने चेंडू ओळखला आहे, त्याला बूट म्हणजे पायावरचे ओझे वाटते. त्याला चेंडू कळेनासा होतो. मोठ्या, नाव कमावलेल्या खेळाडूंना पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्यासारखे शिकावे लागले.

याच काळात खेळाडू मैदानावर उभे कसे करायचे, यातही जगात बदल होत होता. गोलरक्षक सोडला तर संघात दहा जण उरतात. जुन्या पद्धतीत दोन जण मागे, तीन जण मध्ये आणि पाच जण पुढे असत. पुढे गर्दी आणि मागे मोकळे रान. हंगेरीच्या संघाने आपला मधला आघाडीचा खेळाडू थोडा मागे ओढून खेळवला आणि १९५३ साली इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर ६–३ असे हरवले. सारे जग चकित झाले. रहीमसाहेबांनीही भारतीय संघाला अशा नव्या मांडणीने खेळायला शिकवले. मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार, ही मांडणी ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक जिंकल्यावर जगभर गाजली. पण त्याआधीच रहीमसाहेबांचा संघ जवळपास तसा खेळू लागला होता, असे जाणकार सांगतात. हैदराबादच्या शाळेत शिकवणारा एक शिक्षक जगातल्या नव्या विचारांच्या मागे राहिला नव्हता, हे यावरून कळते.

या नव्या संघात कोण होते? बंगालचे, मुंबईचे, दक्षिणेचे खेळाडू होते आणि हैदराबादचे तर बरेच होते. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन ही नावे त्यांपैकीच. आणखी एक नाव होते तुलसीदास बलराम. हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरातला मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला यायला सांगितले. पण मैदान दूर, आणि येण्याजाण्याला पैसे नाहीत. तेव्हा सायकल भाड्याने घेण्यासाठी लागणारे पैसे रहीमसाहेबांनी दिले, असे बलराम पुढे म्हातारपणापर्यंत सांगत असत. आपल्या शाळांतही असे होते. मुलगा हुशार असतो, पण बसच्या भाड्यापाशी अडतो. शिक्षकाला ते दिसले पाहिजे. भाड्याच्या सायकलीवरून सरावाला येणारा हा विशीतला मुलगा त्याच वर्षी, १९५६ साली, ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक खेळत होता.

१९५६ चे ऑलिंपिक मेलबर्न येथे झाले. भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. हजारो प्रेक्षक अर्थातच त्यांच्या बाजूचे. भारताने तो सामना ४–२ असा जिंकला. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांनी केले. ते मुंबईत खेळणारे खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. तोच संघ, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल केले होते. या वेळी पहिला गोल भारताने केला. तोही डिसूझांचाच. पुढे युगोस्लाव्हियाने जोर केला आणि सामना ४–१ असा जिंकला. नंतर कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाकडून हार झाली आणि भारत चौथा आला. पदक मिळाले नाही. पण १०–१ आणि ४–१ यांतला फरक तुम्हीच काढा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने गाठलेली ती सर्वांत वरची पायरी आहे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १–१ असे बरोबरीत रोखले, पण हंगेरी आणि पेरू यांच्याकडून हार पत्करावी लागली. त्या संघात रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांचीही निवड झाली होती.

आता १९६२ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे होत्या. रहीमसाहेबांची प्रकृती तेव्हा बरी नव्हती. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग जडला होता. अशा स्थितीत ते संघाबरोबर गेले.

सुरुवातच वाईट झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरवले. पुढे थायलंडवर ४–१ आणि जपानवर २–० असे विजय मिळाले, पण त्यांची किंमत मोजावी लागली. बचावफळीचा आधार असलेले जरनैलसिंग यांच्या डोक्याला थायलंडविरुद्ध जखम झाली आणि टाके घालावे लागले. दुसरे बचावपटू त्रिलोकसिंग यांच्या पायाला दुखापत झाली. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी होते. त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलण्याची सोय नव्हती. आता तुम्ही प्रशिक्षक असता तर काय केले असते?

रहीमसाहेबांनी असे केले, की सगळे चकित झाले. डोक्याला टाके असलेल्या जरनैलसिंगांना त्यांनी बाहेर बसवले नाही आणि मागेही ठेवले नाही. त्यांनी त्यांना सर्वांत पुढे, आघाडीवर पाठवले. मागची जागा अरुण घोष यांनी सांभाळली. जरनैलसिंग तरुणपणी आघाडीवर खेळलेले होते, हे मास्तरांच्या लक्षात होते. चांगल्या शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याच्या जुन्या वह्याही आठवतात. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध कप्तान चुनी गोस्वामी यांनी दोन आणि जरनैलसिंगांनी एक गोल केला. भारताने ३–२ असा विजय मिळवला.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. पण त्याहून मोठे संकट मैदानाबाहेर उभे होते. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान या देशांच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. या गोष्टीला भारताचे क्रीडा-पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्यामुळे जकार्त्यातील लोक भारतावर रागावले होते. भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंचा या वादाशी काही संबंध नव्हता, पण राग त्यांच्यावरही निघत होता.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंना झोप येईना. रहीमसाहेब त्यांना घेऊन बाहेर फिरायला गेले. ते फार बोलले नाहीत, असे खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. त्यांनी मुलांकडे एक भेट मागितली. उद्या तुम्ही मला सुवर्णपदक द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. एरवी शिक्षक विद्यार्थ्यांना देत असतो. येथे मागणारा शिक्षक होता, आणि त्याच्या आजाराची खूण मुलांना दिसत होती.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायान येथील प्रचंड स्टेडियममध्ये सामना झाला. सुमारे एक लाख लोक होते आणि बहुतेक सारे भारताच्या विरुद्ध ओरडत होते. भारताच्या बाजूने आवाज देणारे थोडेच होते. त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडूही होते, असे आपल्या खेळाडूंनी नंतर सांगितले. हॉकीत त्यांनी भारताला नुकतेच हरवले होते, पण फुटबॉलच्या वेळी ते आपल्यासाठी ओरडत होते.

तापातून उठलेले थंगराज गोलमध्ये उभे राहिले. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. थोड्याच वेळात दुसरा गोल झाला, आणि तो केला जरनैलसिंगांनी. मग कोरियाने जोर धरला. अखेरच्या काही मिनिटांत त्यांनी एक गोल फेडलाही. पण भारतीय बचावफळी ढळली नाही. सामना २–१ असा भारताने जिंकला. मागितलेली भेट मास्तरांना मिळाली.

त्यानंतर रहीमसाहेबांचा आजार वाढत गेला. काही महिने ते अंथरुणाला खिळून होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. जकार्त्याच्या विजयाला तेव्हा एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांचे वय अवघे ५३ होते.

त्यानंतर १९७० साली आशियाई स्पर्धांत भारताला फुटबॉलचे कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक मात्र २०२३ च्या हांगझू येथील स्पर्धांपर्यंत पुन्हा आले नाही. याची कारणे अनेक आहेत. इतर देश पुढे गेले, त्यांनी पैसा आणि मैदाने दिली. पण मला असे वाटते, की आपण रहीमसाहेबांच्या पदकांची आठवण ठेवली आणि त्यांच्या कच्च्या पायाच्या स्पर्धा विसरलो. मोठ्या संघाचा प्रशिक्षक सगळ्यांना दिसतो. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमधला मास्तर कोणाला दिसत नाही.

पुष्कळ वर्षे हे नाव फुटबॉलच्या जाणकारांपुरतेच राहिले होते. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कितीतरी लोकांनी ते पहिल्यांदा ऐकले. त्यांचे शिष्य मात्र त्यांना विसरले नव्हते. पी. के. बॅनर्जी खेळ सोडल्यावर स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले, आणि १९७० चे कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाला शिकवणाऱ्यांत तेही होते. चिरंजीव हकीम खेळाडू झाले, पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षकही झाले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. तुलसीदास बलराम २०२३ पर्यंत हयात होते, आणि मास्तरांचा विषय निघाला की त्यांना भाड्याच्या सायकलीची आठवण होई.